चार-दहाचं घड्याळ

"बंद घड्याळासमोरून मी आजवर तसाच पुढे गेलेलो नाही," असं घड्याळजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यांच्या स्वतःच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठ महिने बंद होतं आणि त्याच्यासमोरून ते रोज दोनदा जेवायला जात, पण ते काही धरायचं नाही.

त्या दिवशी तर त्यांच्या अंगात उत्साह नुसता संचारला होता. लेकीचं लग्न जमायच्या बेतात होतं. मुलाची आई राष्ट्रीय संग्रहालयाची प्रमुख. संग्रहालय लहानसंच, पाच दालनांचं, पण बाई भलत्याच करड्या. त्यांनी निरोप धाडला होता, आधी संग्रहालय बघा, मग माझ्या ऑफिसात चहा घेऊ आणि काय ते ठरवू.

"अहो, तिथं कशालाही हात लावायचा नाही," बायकोने बजावलं. "हात खिशात ठेवायचे."

घड्याळजींनी हात खिशात ठेवले. घोटाळा तिथेच झाला, कारण खिशात स्क्रूड्रायव्हर होता.

पहिल्या दालनात फुटकी मडकी होती, दुसऱ्यात नाक गेलेल्या मूर्ती. बायको एकेक पाटी मन लावून वाचत होती. लेक आणि मुलगा एकाच नाण्यापुढे अर्धा तास उभे होते. घड्याळजी एकटेच तिसऱ्या दालनात शिरले आणि जागीच थबकले. प्रमुखांच्या ऑफिसच्या दाराशेजारी पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ उभं होतं. आणि बंद!

बिचाऱ्या विहीणबाई रोज येता-जाता हे असलं मढं बघतात, आणि तेही सोयरा घड्याळजी मिळत असताना? चहाच्या आत हे चालू करून दाखवायचं, की लग्न पक्कंच.

समोर दोरी बांधली होती. दोरी लोकांसाठी असते, कारागिरासाठी नव्हे, असं मनाशी म्हणत ते पलीकडे गेले. खाली पाटीही होती, पण ती वाचायला चष्मा लागला असता आणि तो बायकोच्या पर्समध्ये होता. घड्याळाचं दार उघडून बघतात तर दुखणं अगदीच किरकोळ. लंबक आकड्यातून निसटला होता, आणि चावी आतच पडलेली. घड्याळजींनी लंबक अडकवला, चावी दिली आणि मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम काटे फिरवले. बाराला दोन मिनिटं कमी होती.

दोन मिनिटांनी साऱ्या संग्रहालयात घणघणाट झाला. पहारेकरी धावत आला, त्याच्यामागे बायको, लेक आणि मुलगा. ऑफिसचं दार उघडून विहीणबाई बाहेर आल्या.

"कुणी हात लावला याला?"

"मीच," घड्याळजी छाती फुगवून म्हणाले. "आभार वगैरे काही नकोत."

बायकोने पुढे होऊन पाटी वाचली. "महाभूकंपात हे घड्याळ चार वाजून दहा मिनिटांनी थांबले. तेव्हापासून त्याला कुणीही हात लावलेला नाही."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. घड्याळजींना आता कुठे कळलं. आपल्या हाताने आपण पोरीचं लग्न मोडलं, दुसरं काय!

"आत्ता बंद पाडतो, ताई," ते लंबकाकडे झेपावले.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. त्या कान देऊन ऐकत होत्या. "सव्वीस वर्षं याच्या शेजारी बसतेय मी. याचा आवाज कसा असेल, असं रोज मनात यायचं." त्यांनी हळूच डोळे पुसले. "साडेबाराचा ठोका देईल का हे?"

"देईल की."

"मग चहा इथेच मागवते. नंतर काटे चार-दहावर आणून ठेवा. आणि याची बाहेर वाच्यता नको."

सगळ्यांनी उभ्यानेच चहा घेतला, पहारेकऱ्यानेसुद्धा. साडेबाराचा ठोका पडला आणि विहीणबाई म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे." घड्याळजींना आनंदाने कप कुठे ठेवावा सुचेना.

निघताना विहीणबाई हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे तर घरभर घड्याळं टिकटिकत असतील. रविवारी येते बघायला."

बायकोने वाटेतच नवऱ्याला घरच्या बंद घड्याळाची आठवण करून दिली.

रविवारला चार दिवस होते. पण वाच्यता न करायची ती गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला खासगीत सांगण्यात ते चारही गेले. रविवारी विहीणबाई आल्या आणि भिंतीपुढे थबकल्या. बंद घड्याळासमोर कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधली होती आणि खाली बायकोच्या वळणदार अक्षरातली पाटी होती. "हे घड्याळ आठ महिन्यांपूर्वी सात वाजून वीस मिनिटांनी थांबले. तेव्हापासून घरच्या कारागिराने त्याला हात लावलेला नाही."