तीनशे बारा दिवसांची नेदा

बायकोला एक वाक्य लिहिता यावं, एवढ्यासाठी वेल्कोने अठ्ठावन्नाव्या वर्षी संगणक शिकायचं ठरवलं. (धड बोलता येणाऱ्या नवऱ्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही. पण वेल्कोने लग्नाची मागणीसुद्धा सासऱ्याच्या ट्रॅक्टरबद्दल विचारता विचारता घातली होती.)

बायको, म्हणजे नेदा, फेब्रुवारीत बोलोन्याला गेली होती, एका एक्याण्णव वर्षांच्या म्हातारीला सांभाळायला. यांबोल गावातल्या त्यांच्या इमारतीतल्या निम्म्या बायका अशाच इटलीत होत्या, त्यामुळे कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. वेल्कोला वाटलं. घर खायला उठायचं. ती संध्याकाळी ज्या खुर्चीत बसून मोजे विणायची, तिच्यावर तो स्वतःचा कोटसुद्धा टाकत नसे. पण रोज फोनवर हा विचारायचा काय, तर "बॉयलर कितीवर ठेवू?"

तर वेल्कोने पत्र लिहायला घेतलं. जुन्या संगणकातला लिहायचा प्रोग्राम 'मुदत संपली' म्हणून रुसून बसलेला. वाचनालयात इवेलिनाबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, पेन्शनीला टेकलेल्या लोकांचा संगणकाचा वर्ग घ्यायच्या. त्यांनी त्याला फुकटचा प्रोग्राम घालून दिला.

"फुकट? मग यात खोट काय आहे?" वेल्कोने विचारलं.

"खोट नाही हो. लोकांनी लोकांसाठी केलाय. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, कुणीही बदलावं."

आतलं सगळं उघडं! वेल्कोला त्या प्रोग्रामचा हेवा वाटला. तो वर्गात बसायला लागला आणि महिनाभरात बाई त्याला चार चार ओळींचे प्रोग्राम लिहायला लावू लागल्या. एका गोष्टीवरून मात्र त्याने बाईंशी वाद घातला. संगणक म्हणे शून्यापासून मोजतो. "पहिलं सफरचंद शून्यावं कसं असेल?" बाई म्हणाल्या, "असतं. लक्षात ठेवा, नाहीतर एकाने चुकाल." त्याने वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

डिसेंबरात नेदा फोनवर म्हणाली, "म्हातारीच्या मुलाला रविवारी सांगायचंय. आणखी एक वर्ष राहते की नाताळाला घरी येते. काय सांगू?"

वेल्कोच्या घशाशी "ये" आलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "तुला योग्य वाटेल ते." फोन ठेवल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी बोलोन्याला सामान नेणारी गाडी निघायची. तिच्यातून सॉसेजचं पार्सल जाणार होतं. त्यात एक कागद घालायचा, असं त्याने ठरवलं. मधोमध नेदाचा फोटो, भोवती लाल गुलाबांची चौकट, आणि ती गेल्यापासूनचे दिवस त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम मोजणार. खाली त्याने लिहिलं: 'तीनशे बारा दिवस झाले. तुझी खुर्ची तशीच आहे. तुझ्याशिवाय या घरात करमत नाही. तुझा वेल्को.' वाचून तो स्वतःच लाजला. मग गुरुवारी दुपारी त्याने छापायचा हुकूम सोडला आणि तळघरात आंबत घातलेला कोबी ढवळायला निघून गेला.

छपाईचं यंत्र इमारतीत एकच, तळमजल्यावर पेन्काबाईंकडे, आणि सगळ्यांचे संगणक त्यालाच जोडलेले. पेन्काबाई म्हणजे इमारतीच्या कारभारीण. पाणी बंद असो, सभा असो की कुणाचा मृत्यू, कागद त्याच डकवायच्या. त्यांच्या यंत्रात शाई फक्त काळी. आणि वेल्कोच्या प्रोग्राममध्ये 'छाप' होतं, 'थांब' नव्हतं.

यंत्राने एकामागून एक चाळीस पानं बाहेर टाकली आणि कागद संपला म्हणून ते गप्प झालं. पेन्काबाईंनी वरचं पान उचललं. काळी चौकट, मध्ये राखाडी नेदा, खाली ते शब्द, आणि वर चाळीस प्रती! यांबोलमध्ये माणूस गेला की काळ्या चौकटीतला त्याचा फोटो खांबाखांबावर लावतात, त्यामुळे एका बाईचा फोटो चाळीस वेळा माणूस कशाला छापतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. "बिचारा! दहा महिने एकट्याने गिळलं," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, पिठाची खळ शिजवली आणि इमारतीच्या दारापासून बेकरीपर्यंत एकही खांब सोडला नाही. दुःखातल्या माणसाला काही विचारत बसायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

वेल्को कोबीच्या वासासकट वर आला, तर दारात तिसऱ्या मजल्यावरचा त्सोन्यो टोपी काढून उभा. हातात चार फुलं.

"फार वाईट झालं रे."

"वाईट तर झालंच," वेल्को म्हणाला. "पण तू आज येतोयस? तीनशे बारा दिवसांनी?"

"तू बोललाच नाहीस!"

"बोलायचं काय? तिची बॅग तूच बसमध्ये चढवलीस की."

त्सोन्योला हुंदका आला. "त्रास झाला का रे तिला?"

"गुडघ्यांचा. अजून होतोच."

"अजून?" त्सोन्योने छातीवर क्रूस काढला. "आणि... तिकडेच ठेवणार तिला?"

"रविवारी ठरेल. मुलगा म्हणतोय एक वर्ष ठेवू, मग बघू."

त्सोन्यो मटकन खाली बसला. तेवढ्यात पेन्काबाई वाफाळत्या गोड गव्हांचं, मयताच्या घरी नेतात तसलं, पातेलं घेऊन आल्या. गहू पाहिले, फुलं मोजली, तीही मयताला नेतात तशी जोडीतली निघाली, आणि मग कुठे वेल्कोच्या डोक्यात प्रकाश पडला. तो अनवाणी जिना उतरला. दारावर नेदा, खांबावर नेदा, बसथांब्यावर नेदा. त्याने एक कागद ओढून पाहिला, तर पेन्काबाईंची खळ. कोपऱ्याएवढासुद्धा निघेना. आणि खिशातला फोन वाजला.

गुरुवार दुपार म्हणजे बोलोन्यात कामाला गेलेल्या यांबोलच्या बायकांची सुट्टी. सगळ्या बागेत जमतात.

"वेल्को," नेदा म्हणाली, "मी बाकावर पाव खात बसलेय आणि सहा बायका माझ्यासाठी रडतायत. मी मेले म्हणे. त्या कागदाचा फोटो आलाय फोनवर."

"नेदा, अगं, शाई काळी होती, आणि ते थांबेना, आणि मी कोबी..."

"ते राहू दे. मजकूर कुणाचा?"

"माझा."

पलीकडे तिने रडणाऱ्या बायकांना गप्प बसवलं.

"लग्नाला तेहतीस वर्षं झाली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला होता. "असं एक वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मला मरावं लागलं."

वेल्को खांबाला टेकला. भरल्या रस्त्यात, अनवाणी, बेकरीवाली बघत असताना, त्याने एकदाचं म्हणून टाकलं, "ये गं. मला नाही राहवत."

"येतेय. त्या मुलाला आजच सांगते. मी यायच्या आत ते सगळे कागद खरवडून काढ. एक ठेव, माझ्यासाठी." मग ती नाक पुसून म्हणाली, "आणि आकडा चुकलाय. आज तीनशे तेरा."

"तुला काय माहीत?"

"म्हातारीच्या फडताळाच्या दाराला आतून पेन्सिलीने रेघ मारते रोज. आज सकाळची तीनशे तेरावी."

काहीतरी बोलायचं म्हणून वेल्को म्हणाला, "संगणक शून्यापासून मोजतो गं. बाईंनी सांगितलं होतं, मीच विसरलो."

"उगाच संगणकाला नावं ठेवू नकोस. मी गेले तो दिवस तू धरलाच नाहीस. त्या दिवशी मी मिरच्या भरून ठेवून गेले होते. माझी आठवण तुला दुसऱ्या दिवशी आली, पातेलं रिकामं झाल्यावर."

वेल्कोने नीट आठवून पाहिलं. मिरच्या खरंच फार छान झाल्या होत्या.