मोरिवाकीसानची थाप

"मोरिवाकीसान, आज शेवटचं सांगतो!" मालक कुसाकासान गल्ल्यामागून ओरडले. "यंत्रावर पुन्हा थाप मारलीत, तर या दारात पाऊल ठेवायचं नाही!"

योनागो या छोट्या जपानी शहरात दुसरं गेम सेंटर नव्हतं आणि मोरिवाकीला दुसरा छंद नव्हता. ऑफिसात दिवसभर "हो साहेब, चुकलं साहेब" म्हटल्यावर इथे दोन घटका पडद्यावरची हाणामारी केली, की त्याला रात्रीचं जेवण गोड लागे. ते सुख गेला आठवडाभर समोरच्या यंत्रावरच्या कुणीतरी हिरावलं होतं. यंत्रं पाठीला पाठ लावलेली. समोर कोण बसलंय ते दिसत नसे, आणि डोकावून पाहणं म्हणजे शुद्ध असभ्यपणा.

गडी होता नवशिका. मोरिवाकी त्याला बुकलून काढी, प्राणाची रेघ सुतासारखी बारीक होई, आणि तेवढ्यात पलटवार! खेळच तसा होता. मार खाणाऱ्याची ताकद साठत जाते आणि अगदी मरता मरता लाल बटण दाबलं, तर एका फटक्यात समोरचा आडवा. घाबरून लोक ते बटण विसरतात. हा पठ्ठ्या एकदाही विसरला नाही.

"हरणाऱ्याला कसलं बक्षीस देता?" मोरिवाकी कुरकुरला. "उद्या नापासाला पहिला नंबर द्या!"

नवा डाव सुरू झाला. समोरच्याची रेघ पुन्हा सुतावर आली. "पड की आता!" म्हणत मोरिवाकीचा हात जुन्या खोडीने उठला आणि यंत्रावर थाप बसली. पाठोपाठ पलटवार. मोरिवाकी आडवा, आणि कुसाकासान बाह्या सारत उभे.

"झालं! निघा!"

तेवढ्यात समोरच्या यंत्रामागून एक ठेंगण्या आजी आल्या. हातात संत्र्यांची पुरचुंडी. त्या कमरेत वाकल्या.

"आपणच का ते गुरुजी? फार उपकार झाले हो! ती मेली रेघ मला दिसतच नाही. पण आपण थाप मारलीत की कळतं, आता लाल बटण. उद्या नातू येतोय. 'आजी, तुला काय येतंय' म्हणून खेळायलाच घेत नव्हता."

"गुरुजी?" कुसाकासानचा आ वासलेला.

"मग! एवढं निरपेक्ष कोण शिकवतं हल्ली?"

मोरिवाकीला आधी धरणी दुभंगावी असं वाटलं. पण उपकार झाले, असं त्याला ऑफिसात इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. "आभार मीच मानायचे, आजी," तो खोल वाकून म्हणाला. "चला, नातवासाठी एक डाव."

या खेपेला त्याने हात काबूत ठेवला. आजींची रेघ सुतावर आली. समोर सगळं सामसूम. आजी वाट पाहत होत्या. त्यांच्या खांद्यावरून बघणारे कुसाकासान कासावीस झाले.

"अहो मोरिवाकीसान, झोपलात काय? आजी चालल्या! मारा की थाप!"

मोरिवाकीने मनापासून थाप मारली आणि सपशेल आडवा झाला.