काटेसाहेबांचा निरोप

शुक्रवारी सकाळी काटेसाहेबांनी चिटणीसबाईंना फोन केला. "माझा निरोप फळ्यावर लिहा. उद्या चारला सगळ्यांनी हॉलवर यायचंच." कारणही सांगितलं, पालिकेच्या बाई डोकी मोजायला येणार आहेत आणि चाळीस भरली नाहीत तर हॉल काढून घेणार आहेत. पण कारणापर्यंत येईतो बाईंचा खडू संपला. फळ्यावर एवढंच उमटलं : "अध्यक्षांचा निरोप. उद्या चार वाजता. सर्वांनी यावे."

काटेसाहेब नऊ वर्षं ज्येष्ठांच्या आधार केंद्राचे अध्यक्ष होते. नोकरी वजनमापं तपासण्याची, सगळा जन्म तराजूच्या काट्यासमोर गेला, म्हणून हे नाव. स्वभावावरून पडलं असंही म्हणणारे होते. केंद्रातल्या चहाला साखर मोजून, सभेत बोलायला मिनिटं मोजून. हॉल गेला तर एकटी राहणारी म्हातारी माणसं दुपारभर घरच्या भिंतींकडे बघत बसणार, या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरीही भिंतीच होत्या.

शनिवारी साडेतीनला येऊन त्यांनी चाळीस खुर्च्या मांडल्या आणि मनातल्या मनात देव पाण्यात घातले. एरवी सभेला अकरा जण यायचे, त्यातले चार झोपायचे.

पावणेचारला माणसं येऊ लागली ती थांबेचनात. इस्त्रीचे कपडे, हातात फुलांचे गुच्छ. खुर्च्या संपल्या, बाकं भरली, काही जण खिडकीत टेकले. कोपऱ्यात पालिकेच्या बाई पेन घेऊन मोजत होत्या. 'अजून माझ्या शब्दाला वजन आहे तर!' काटेसाहेबांची छाती फुगली.

तेवढ्यात उपाध्यक्ष उभे राहिले. हे दातांचे निवृत्त डॉक्टर. "मित्रहो, आज आपण जड अंतःकरणानं..."

काटेसाहेब दचकले. शेजारच्या चिटणीसबाईंना कुजबुजत म्हणाले, "कोण गेलं?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पडला होता. "साहेब, मी निरोप म्हणजे निरोप लिहिला हो. लोकांनी निरोपसमारंभ वाचला."

"मी कुठं चाललोय? आत्ता सांगतो उठून!"

"बसा खाली! आत्ता सांगितलंत तर निम्मे घरी जातील. त्या बाईंचं मोजून व्हायचंय."

काटेसाहेब बसले. ही सगळी गर्दी आपल्याला घालवायला लोटली आहे, हे लक्षात येताच त्यांना फार वाईट वाटलं. त्यातून डॉक्टरांच्या भाषणाचा कागद घड्यांवर फाटायला आला होता. वर तारीख होती दोन वर्षांपूर्वीची.

मग मोठ्या मावशी उठल्या. वय सत्त्याऐंशी, जिभेला हाड नाही. "हा माणूस कडूच," त्या म्हणाल्या. "मला कधी दुसरा चमचा साखर घालू दिली नाही. पण मी दवाखान्यात पडले तेव्हा तीन दिवस बाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं? माझी पोरं परदेशात. हाच बसला होता. आणि मी शुद्धीवर आले तर म्हणतो कसा, साखर कमी करा!"

हॉल हसला. काटेसाहेबही हसले, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून चष्मा पुसू लागले. नऊ वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता. निदान त्यांच्या देखत तरी नाही.

पालिकेच्या बाई पुढं आल्या. "ब्याण्णव! हॉल पाच वर्षं तुमचा. नव्या अध्यक्षांनी इथं सही करा."

टाळ्यांच्या कडकडाटात डॉक्टर लगबगीनं पुढं झाले. पेन उघडलं, कागद वाचला आणि हात तिथंच थांबला. "अध्यक्षांनी रोज सकाळी सातला हॉल उघडावा, झाडून घ्यावा, नळ तपासावेत... हे इतके दिवस कोण करत होतं?"

काटेसाहेब पंख्याकडे बघत होते.

"माझा गुडघा जरा..." म्हणत डॉक्टरांनी पेन शेजारच्याकडं सरकवलं. त्याचाही गुडघा निघाला. पेन पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं आणि बघता बघता अख्ख्या हॉलला गुडघेदुखी जडली.

"पुरे झाली नाटकं," मावशी कडाडल्या. "अध्यक्ष हेच राहतील. झाडायला मात्र रोज दोघं-दोघं यायचं. उद्या मी आणि डॉक्टर."

डॉक्टरांनी मान डोलावली. जे कुणाला कधी सांगायचं काटेसाहेबांच्या जिवावर आलं होतं, ते मावशींनी एका दमात सांगितलं. बाकीच्यांनीही आपापले वार सांगून टाकले. काटेसाहेबांनी सावकाश सही केली.

"चला, छान झालं," डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले. "मग हा कार्यक्रम इथंच आवरू या."

"आवरू या?" काटेसाहेब खुर्चीत नीट टेकून बसले. "अजून सहा जण बोलायचे राहिलेत ना?"

"अहो, पण तुम्ही आता जात नाही!"

"नसेना का जात," काटेसाहेब म्हणाले. "होऊन जाऊ द्या. आणि सावकाश बोला म्हणावं, घाई नाही."