पेन्सिल घालू नये

साळवेमास्तर "कसे आहात?" असं विचारत आणि मग थांबत. आपण सगळेच "कसे आहात" म्हणतो आणि पुढे चालू लागतो. मास्तर छत्री जमिनीला टेकवून उभे राहत. "बरं आहे" म्हटलं तर हलत नसत. तुमच्या तोंडाकडे बघत राहत, रागानं नाही, घाईनंही नाही, उशिरा धावणाऱ्या गाडीची वाट बघावी तसे. शेवटी समोरचा कंटाळून खरं काय ते बोलून टाकी. माझ्या बरकतपुऱ्याच्या कॅसेटच्या दुकानात उभं राहून त्यांनी या रीतीनं माझी मूळव्याध, माझं धाकट्या भावाशी चाललेलं भांडण आणि मेव्हण्याबद्दलचं माझं खरं मत एवढं सगळं बाहेर काढलं. त्यातलं काहीच त्यांना नको होतं, हे आणखी वाईट. ऐकून घेऊन ते म्हणायचे, "हं. आता हलकं वाटतं ना?" आणि जायचे.

माझा या माणसावर राग आहे. तो का आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा.

मी स्वतःच्या बळावर उभा राहिलेला माणूस. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून आलो, काचीगुड्याला स्टेशनबाहेर हातगाडीवर टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आणि बाजार उघडला म्हणतात त्या दिवसांत, घराघरावर टीव्हीच्या छत्र्या चढू लागल्या तेव्हा, कॅसेटच्या प्रती काढण्याचं यंत्र घेतलं. मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकून रेकॉर्डिंगची सोय केली. शाळा फारशी झाली नाही. घासाघीस मात्र झाली. घासाघिशीत एकच नियम असतो : भाव ऐकल्यावर जो आधी बोलला तो मेला. हे शिकायला मी बेगमबाजारातल्या व्यापाऱ्यांसमोर किती मार खाल्लाय ते माझं मला ठाऊक. आणि मास्तरांना ही विद्या फुकट मिळालेली.

एकदा मी त्यांच्याबरोबर नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात गेलो होतो. तिथल्या एका बाईशी मी वांग्यांवरून घसा कोरडा होईपर्यंत भांडून हरलो होतो. मास्तरांनी तिला विचारलं, "एंतम्मा?" म्हणजे कितीला, बाई. तिनं भाव सांगितला. मास्तर वांग्यांकडे बघत उभे राहिले. तिनं भाव उतरवला. मास्तर उभेच. तिनं आणखी उतरवला, मग कपाळावर हात मारून वांगी त्यांच्या पिशवीत ओतली, वर कढीलिंब टाकला आणि म्हणाली, "तीसुको ताता, तीसुको." घे आजोबा, घे एकदाचं.

वाटेत मी म्हटलं, "मास्तर, मानलं तुम्हाला."

"कशाबद्दल?"

"भाव पाडलात."

"मी कुठे पाडला? आज वांगी करावीत की नाही ते ठरत नव्हतं."

सवय रेल्वेची. मास्तर जन्मभर लहान लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर होते, निवृत्त होऊन तारनाक्याला राहायला आले. त्या कामात पुढच्या स्टेशनाला आधी विचारायचं असतं : गाडी सोडू का? तिकडून "लाइन क्लियर" आलं की मगच गाडी सोडायची. नाही आलं तर थांबायचं, मग डब्यांतून लोक कितीही शिव्या देवोत. मास्तरांनी हा नियम पुढे जगण्यालाच लावला. रस्ता ओलांडताना, रिक्षा ठरवताना, वरणात दुसऱ्यांदा मीठ घालताना ते म्हणत, "विचारलंय. लाइन क्लियर येऊ द्या."

तर हे मास्तर एके दिवशी हार्मोनियम घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "सलाम, जाधवशेठ. कॅसेट काढायची आहे. माझी गाणी."

ते आमच्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींतले. त्यांच्या चर्चच्या नाताळाच्या कॅसेटी मीच काढत असे, आणि त्या एका कामावर माझं दुकान उन्हाळ्यापर्यंत तगत असे. मला वाटलं, तसंच काही असेल, घंटा वाजतील, तारा उगवेल. पण कॅसेटचं नाव होतं 'तू आहेस ना?' प्रत्येक गाणं देवाला एक प्रश्न विचारून संपे. "रात्रभर जाळं टाकलं, हाती काय लागलं?" असं एक. "दार लोटून घेतलंय, आत तू आहेस ना?" असं दुसरं. चाली सरळ, आवाज म्हातारा पण सच्चा. मला देवाधर्मातलं कळत नाही, पण गाणं ऐकून तबलेवाला यादगिरी मुकाट झाला होता, आणि तो फार बोलका.

घोटाळा गाणं संपल्यावर झाला. मी यंत्र बंद करायला गेलो तर मास्तरांनी हात वर केला. थांबा. आम्ही थांबलो. फीत फिरते आहे, आवाज काही नाही, मास्तर हात वर करून बसलेत. बऱ्याच वेळानं हात खाली आला. "हं. आता दुसरं."

"हे काय होतं?" मी विचारलं.

"प्रश्न विचारला ना. उत्तराला जागा नको?"

"कोण देणार उत्तर?"

"ज्याला विचारलंय तो."

यादगिरी म्हणाला, "मास्टर, देवुडु लाइन बिझी." देवाची लाइन बिझी म्हणे.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "असतेही कधी. पुढचं स्टेशन कधी कधी उत्तरच देत नाही. तिथला मास्तर झोपलेला असतो, नाहीतर तार तुटलेली असते. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर तिथं स्टेशनच नसेल. तेच तर गाण्यात विचारलंय."

प्रत्येक गाण्यानंतर हेच. आणि जागा सगळ्या सारख्याही नाहीत, कुठे लहान, कुठे लांबलचक. कशावरून ठरवता म्हटलं, तर "अंदाज आहे" एवढंच. आता यातला व्यवहार बघा. त्या जागांमुळे गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये मावेनात. नव्वदची फीत पातळ असते, यंत्रात गुंतते, आणि महाग. म्हणजे मी शांतता विकत घेऊन शांततेच्या प्रती काढायच्या. मी म्हटलं, निम्म्या करा. नाही. म्हटलं, एकाच गाण्यानंतर ठेवा, नमुना म्हणून. नाही. मग मी माझ्या मते फार मोठी गोष्ट केली. काचीगुड्याच्या एका लोणचेवाल्याला गाठून त्या रिकाम्या जागांत त्याच्या जाहिराती ठरवल्या. नवा जमाना होता, दूरदर्शनवर दर दोन मिनिटांनी तेच चाललं होतं. नमुना करून मास्तरांना ऐकवला. "रात्रभर जाळं टाकलं, हाती काय लागलं?" असं त्यांचा आवाज आर्तपणे विचारतो, आणि लगेच एक बाई म्हणते, "आंब्याचं लोणचं."

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे बघत उभे राहिले, छत्री टेकवून. मी यंत्र पुसलं, काउंटर पुसला, पुसलेला काउंटर पुन्हा पुसला. आणि जन्मभर पाळलेला नियम मोडून मीच आधी बोललो, "बरं. नव्वदची घेऊ."

हा पहिला राग.

दुसरा यापुढचा. कॅसेटी चर्चमध्ये गेल्या आणि आठवडाभरात परत येऊ लागल्या. गाणं संपून आवाज बंद झाला की लोकांना वाटे फीत अडकली. मग काय, कॅसेट बाहेर काढायची, भोकात पेन्सिल घालायची आणि गरागरा फिरवायची. अर्ध्या मंडळीनं पेन्सिली घातल्या. एकानं टेपरेकॉर्डरला थपडा मारल्या. शेजारचा इस्त्रीवाला येऊन म्हणाला, "जाधवसाब, ये कॅसेट तो बीच बीच में मर जारी." माझी कॅसेट. वेष्टनावर माझ्या दुकानाचं नाव छापलेलं.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब पिशवीभर कॅसेटी घेऊन आले. गोड माणूस, पण गोड बोलून कापणारा. म्हणाले, "जाधवभाऊ, देवाच्या कामात तरी फीत चांगली वापरायची."

"फीत चांगलीच आहे. तुमच्या मास्तरांनी मोकळी ठेवलीय."

"तेच म्हणतो. प्रश्न विचारायचे आणि सोडून द्यायचे, असं कसं चालेल? लोक आधीच कमी येतात. ह्या फटी बुजवा, शेवटी विश्वासाचं एक गाणं टाका. नाहीतर नाताळाचं काम यंदा दुसरीकडे द्यावं लागेल. मंडळीचं म्हणणं आहे, माझं नाही."

मंडळीचं म्हणणं म्हणजे त्यांचंच. फटी मी तासाभरात बुजवल्या असत्या. पण गिऱ्हाइकाच्या मालाला न विचारता हात लावायचा नाही, हाही माझा नियम आहे. भांडायचं ते तोंडावर. म्हणून दुकान यादगिरीवर सोडून दुपारीच तारनाक्याला निघालो. बसमध्ये सगळं बोलणं मनात रचलं. ठरवलं, आज म्हातारा कितीही गप्प बसो, आपण आधी उतरायचं नाही.

एवढ्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. दार उघडंच होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, म्हणून सरळ आत गेलो, तर मास्तर नव्हते. टेपरेकॉर्डर चालू होता. समोर वेताच्या खुर्चीत एक बाई बसलेल्या. पांढरं सुती पातळ, केस नीट विंचरलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, तोंडाची एक बाजू जराशी उतरलेली. मास्तरांच्या पत्नी, रूथवहिनी. त्यांनी मला पाहिलं आणि डाव्या हातानं खूण केली. थांबा.

कॅसेटमधले मास्तर विचारत होते, "दार लोटून घेतलंय, आत तू आहेस ना?" मग ती जागा आली. माझी महागडी, पातळ, मोकळी फीत फिरू लागली.

वहिनींचे ओठ हलले. आवाज नाही. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डावी मूठ आवळली गेली. विहिरीतून भरली बादली ओढावी तसं काहीतरी त्या आतून ओढत होत्या. "आ," झालं. मग पुन्हा नुसता श्वास. मी भिंतीला टेकून उभा. माझेच ओठ हलायला लागलेत हे मला उशिरा कळलं.

"आ... हे," वहिनी म्हणाल्या.

आणि पुढचं गाणं सुरू झालं. अगदी नेमकं.

त्या गाण्यानंतर मात्र गडबड झाली. "हाती काय लागलं?" याचं उत्तर अवघड असावं. त्यांचं अर्ध्यावर आलं होतं तोवर पुढची हार्मोनियम वाजू लागली. वहिनींनी खुर्चीच्या हातावर फाडकन थाप मारली आणि टेपरेकॉर्डरकडे असं बघितलं, जसं मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे मी बघतो.

मागून आवाज आला. "सलाम, जाधवशेठ. कसे आहात?" मास्तर औषधं घेऊन आले होते.

"बरं आहे," मी म्हटलं. "वहिनी कशा आहेत?"

"बरं आहे," मास्तर चटकन म्हणाले.

तेव्हा लक्षात आलं. कुणाचं "बरं आहे" चालवून न घेणारा हा माणूस स्वतः प्रत्येक वेळी तेच सांगत आला होता. छत्री नव्हती, म्हणून खिडकीचा गज धरून उभा राहिलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्यांनी औषधं फडताळात ठेवली, बाटल्या सरळ केल्या. मग म्हणाले, "पक्षाघात झाला. भजनाला आम्ही दोघं बसायचो. प्रश्नाची ओळ माझी, उत्तराची तिची. मंडळी तिच्या ओळीसाठी यायची. डॉक्टर म्हणाले, विचारत राहा आणि थांबत राहा, घाई करू नका. मी घरी असतो तेव्हा ठीक. बाहेर गेलो तर तिला विचारणार कोण?"

"आणि देवाला जे विचारलंय ते?"

"तेही खरंच विचारलंय." ते वहिनींकडे बघत होते. "तिकडून अजून काही नाही. इकडून येतं."

"मास्तर, हे आधी सांगायला काय झालं होतं? मी भांडलो नसतो."

"तुम्ही 'घरी ठीक ना' म्हणायचात, शेठ, आणि यंत्राकडे वळायचात."

मी चिडलो. म्हटलं, "ते राहू द्या. त्या जाळ्याच्या गाण्यानंतरची जागा कमी पडतेय. आताच बघितलं. वाढवावी लागेल."

"असू द्या. नव्वदमध्ये मावणार नाही."

"दोन कॅसेटचा संच काढू."

"नको हो, उगाच तुम्हाला तोशीस. तेवढ्यात भागवेल ती."

"नाही भागत. थाप मारली त्यांनी. मास्तर, विचारलंय मी. वाढवू का?"

आणि गप्प बसलो. मास्तरही गप्प. दोघंही त्या कामात तयार. शेवटी तिसरीकडूनच आवाज आला. खुर्चीतून, सावकाश, एकेक अक्षर ओढत.

"वा... ढ... वा."

"लाइन क्लियर," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला आत गेले.

म्हणजे त्या दिवशीही मी जिंकलो असं म्हणता येत नाही. नाताळाचं काम दुसरीकडे गेलं, तो राग मी अजून ठेवून आहे आणि पाळकसाहेब भेटले की काढतोही. संच मात्र निघाला. त्याच्या वेष्टनावर दुकानाच्या नावाखाली मी माझ्या खर्चानं ठळक छापून घेतलं : गाण्यानंतर फीत मोकळी आहे. बिघडलेली नाही. पेन्सिल घालू नये, थांबावे.