शांततेचे अधिकृत भाषांतर

ब्रसेल्समधल्या एका चित्रपट मंडळाचे अध्यक्ष लीवन फर्स्ट्रेपेन यांनी एका अभिजात बेल्जियन चित्रपटाच्या शेवटावर उभी हयात व्याख्यानं दिली होती. तो शेवट त्यांनी पाहिलेला नव्हता. कॉलेजात असताना ऐन वेळी त्यांचा डोळा लागला होता.

चित्रपट एका ध्यासाचा. चर्चमधला ऑर्गनवादक आरशात एका बाईची पाठमोरी मान पाहतो आणि तिच्यापायी संसार, नोकरी, झोप सगळं घालवतो. शेवटी ती वळून पाहते की नाही, यावर विद्वानांत दोन तट होते. लीवन दोन्ही तटांचे प्रमुख होते. संग्रहालयातली एकुलती एक प्रत यंदा शेवटचीच बाहेर येणार होती, त्यामुळे निवृत्तीपूर्वी गुपचूप शेवट पाहून घ्यायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

खेळ ठरवायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोला, गोडेलीव्हला, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्या दिवशी तू शेजारी होतीस. ती वळते का गं?"

"मला काय विचारतोस? तू घोरायला लागलास, तुझ्यामागे मीही लवंडले," ती ताटलीतल्या वॉफलवर साखर भुरभुरवत म्हणाली. "तुझी भाषणं ऐकून वाटायचं, नंतर कधीतरी जाऊन पाहून आला असशील."

चित्रपट फ्लेमिश असल्याने चिटणीस मादाम देल्विन्य यांनी फ्रेंच उपशीर्षकं मागितली. रास्तच होतं. मग फ्लेमिश सदस्यांनी स्वतःच्याच भाषेतली उपशीर्षकं मागितली. कळत नव्हतं म्हणून नव्हे, फ्रेंच बोलणाऱ्यांना मिळाली म्हणून. जर्मन बोलणाऱ्या ऑयपेन गावाहून आलेल्या योस्टेन यांनी जर्मनही राजभाषा असल्याची नम्र आठवण करून दिली. वर कोणती आणि खाली कोणती, यावर बैठक मोडायला आली, तेव्हा लीवननीच तोडगा काढला: प्रत्येक ओळ तिन्ही भाषांच्या सगळ्या क्रमांनी, एकाखाली एक लावावी, म्हणजे प्रत्येक भाषा कधी ना कधी वर येईल. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अक्षरं पडद्याच्या मध्यापर्यंत आली, पण शेवटचा प्रसंग मूक असल्याने लीवन निर्धास्त होते.

"शांततेचं काय?" मादामनी विचारलं. "ती एका भाषेत राहिली, तर बाकीच्यांनी काय समजायचं?"

अध्यक्षांना विरोध करता येईना. विरोध का, ते सांगावं लागलं असतं.

खेळाच्या संध्याकाळी ते डोळे ताणून बसले. ऑर्गन थांबला. ती मान आली, जराशी हलली, आणि तिच्यावर तिन्ही भाषांत, सर्व क्रमांनी, मोठ्या अक्षरांत 'शांतता' उमटली. कडेला तिच्या टोपीचा काठ तेवढा दिसत होता. लीवनना रडू फुटलं. लोकांना ते रसिकतेचं लक्षण वाटलं.

चर्चेत मादाम म्हणाल्या, तिची ती नजर विसरता येत नाही. योस्टेन म्हणाले, ती वळत नाही हेच त्या नजरेचं सौंदर्य. मग सगळे लीवनकडे वळले. नाक पुसून ते उठले आणि नेहमीचं भाषण नेहमीच्याच विरामांसह केलं. त्यांची तहहयात अध्यक्षपदी निवड झाली.

वाचकहो, आपण हा चित्रपट पाहिलेला आहेच, हे मंडळ गृहीत धरतं. चित्रपटाचं नाव आम्ही सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाहीत. मंडळाच्या सभासदत्वाला एवढी पात्रता पुरते.