बकरीच्या बरगड्या

एका जंगलात, बाळांनो, भूक लागायला बंदी होती. वाघमहाराजांनी तसा हुकूमच काढला होता. ज्याचं पोट गुरगुरेल त्याला राजद्रोही म्हणून धरत.

त्या जंगलात खंडेराव नावाचं गाढव आणि शेवंता नावाची बकरी असे दोघे मित्र होते. महाराजांच्या पुतळ्यासाठी ते खाणीतून दगड वाहायचे. एकदा दगड घसरला आणि शेवंताचा पाय चेचला. काम बंद, म्हणून तिचा चाराही बंद. तेव्हापासून खंडेराव आपल्या पेंढीतली अर्धी रोज तिच्यापुढे टाकू लागला.

"तुम्हाला पुरेल का उरलेलं?" ती विचारायची.

"जास्तच होतंय, शेवंते. परवा मुकादम म्हणाला, पोट सुटलंय."

तेवढ्यात ते पोट गुरगुरायचं. मग शेवंता मोठमोठ्याने खोकायची, पहारेकऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

हे सगळं मथू नावाच्या साळिंदरीने पाहिलं. तिच्याकडे कॅमेरा होता. जसं दिसलं तसं तिने टिपलं. नाच नाही, गाणं नाही. शहाणे प्राणी याला वास्तववादी सिनेमा म्हणतात.

सिनेमा तपासायला सरकारी तरस बसलं.

"या बकरीच्या बरगड्या का दिसतात?"

"आहेत म्हणून," मथू म्हणाली.

"कापा."

"बरगड्या?"

"दृश्य! बरगड्यांचं आम्ही बघून घेऊ."

मथूने काहीच कापलं नाही. बदकाच्या पंखाखाली दडवून तिने सिनेमा नदीपलीकडच्या जंगलात पाठवला. तिथले प्राणी पोटभर जेवून बघायला बसले आणि ढसाढसा रडले.

"काय ही अस्सल उपासमार!" परीक्षक हत्ती म्हणाला. "आणि बकरीने लंगडण्याचं काम किती संयमाने केलंय!"

सिनेमाला सोन्याचं पान मिळालं. बकरीला गवताचं पान पाठवावं, हे कुणालाच सुचलं नाही.

बातमी महाराजांच्या कानी गेली. त्यांनी खंडेरावाला बोलावलं.

"उद्या भरसभेत सांग, सिनेमा खोटा आहे. या बकरीला मी ओळखतही नाही, असं म्हण. जन्मभर हिरवा चारा देतो."

खंडेरावाने मान खाली घातली. हिरवा चारा, बाळांनो! त्याला त्याची चवही आठवेना.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. शेवंताच्या पोटाला पेंढा बांधून, वर रेशमी झूल घालून तिला उभं केलं होतं. खंडेरावाने वाचायचा मजकूर महाराजांनी केळीच्या कोवळ्या पानावर लिहून दिला होता.

खंडेराव पानाकडे बघत राहिला. मग त्याने शेवंताकडे बघितलं. झुलीखाली तिचा चेचलेला पाय थरथरत होता.

त्याने पान तोंडात धरून मधोमध फाडलं आणि अर्धं तिच्यापुढे टाकलं.

"खा, शेवंते."

"अहो, महाराजांचे शब्द आहेत त्यावर."

"असू देत. पान चांगलं आहे."

अख्ख्या सभेसमोर दोघांनी महाराजांचा मजकूर चावून खाल्ला. सभा हसली. महाराजांचं तोंड दिसताच गप्प झाली.

दोघांना दोन टोकांच्या टेकड्यांवर डांबलं. खंडेराव रोज सकाळी ओरडायचा. पलीकडून शेवंताचं बारीक बें-बें यायचं. आठव्या दिवशी ते आलं नाही. खंडेराव दुपारपर्यंत ओरडत राहिला. मग घसा बसला.

मथूचा कॅमेरा जप्त करून महाराजांनी तरसाला दिला. त्याने मैत्रीवर सिनेमा काढला. त्यात गाढवाचं काम राजवाड्यातल्या घोड्याने केलं आणि बकरीचं काम एका गुबगुबीत सशाने. तो नदीपलीकडे दाखवला तेव्हा हत्ती नुकताच महाराजांचा पाहुणचार घेऊन परतला होता. तो पुन्हा ढसाढसा रडला.

तात्पर्य : बाळांनो, मित्राला आपल्यातला अर्धा घास कधीही देऊ नये. त्यामुळे दोघेही उपाशी आहेत हे चारचौघांत कळतं, आणि राज्याची विनाकारण बदनामी होते.