कोऱ्या पाण्याची बाटली

तहान लागली म्हणून मी प्रयोगशाळेने दिलेली एक लिटर पाण्याची बाटली पिऊन टाकली, आणि कुणाला कळू नये म्हणून टपरीमागच्या नळावर ती पुन्हा भरून ठेवली. माझ्या नोकरीतली ही सर्वांत मूर्ख गोष्ट नव्हे. पण तिच्यापायी मानाजीराव पवार मला कळले.

मानाजीराव बोअर उघडण्याआधी चप्पल काढतात आणि झाकणावर बोटाने तीनदा टकटक करतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आत कोण आहे?"

"नीर आहे सार. सांगून उघडायचं."

म्हैसूरच्या ऐन वस्तीत एक बंद कारखाना आहे. यंत्रांचे भाग धुवायचं द्रावण तिथे वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं. बिघडलेली माती आम्ही खणून नेली. खालचं पाणी अजून उपसतो आणि कोळशाच्या टाक्यांतून गाळतो. ते कितपत सुधारलं हे बघायला आवारात आठ बोअर आहेत. नववी जागा म्हणजे कुंपणाला लागून मानाजीरावांच्या परसात असलेली त्यांची विहीर. तिला सील आहे. दर तीन महिन्यांनी तिथलंही पाणी तपासायचं. सलग दोनदा स्वच्छ निघालं की सील निघणार.

नमुने मी घेतो. पाण्याची खोली मानाजीराव रोज सकाळी फीत सोडून मोजतात. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडे गेले, मराठी राहिली, आणि तिच्यात कन्नड मुरलं. मी सांगलीचा, म्हणून माझ्या मराठीचा मला अभिमान. "तुमची मराठी रेडिओसारखी आहे सार," ते एकदा म्हणाले. "कळते. पण उत्तर द्यावं वाटत नाही."

त्यांचा परवलीचा शब्द 'बेडा', म्हणजे 'नको'. नमुना घेण्याआधी नळीतलं शिळं पाणी बराच वेळ उपसावं लागतं. माझा हात लवकर बाटलीकडे गेला की आलंच, "घाई बेडा सार. शिळं जाऊ द्या. ताजं येईल." उन्हात उभं राहून हे ऐकताना माझी मात्र माणुसकी शिळी व्हायची.

रोज मोजणी झाली की ते चिंचेखाली जाऊन फोन लावत, हळू आवाजात काहीतरी सांगत आणि मधूनच माझ्याकडे बघत. मी ओळखलं, हा माणूस बंगळूरच्या ऑफिसला माझी खबर देतो. त्या धसक्याने वर्षभर मी वेळेवर आलो. हुणसूर रस्त्यावरच्या एका हॉटेलातून त्यांच्यासाठी दोनदा म्हैसूरपाकही आणला. त्यांनी तो खाल्ला, आणि फोन चालूच ठेवले.

आता ती बाटली. नमुन्यांबरोबर प्रयोगशाळा अतिशुद्ध पाण्याची एक बाटली पाठवते. तिला आम्ही कोरी म्हणतो. तिने नुसतं आमच्याबरोबर फिरायचं आणि परत जायचं. परत गेल्यावर तिच्यात काही सापडलं, तर घाण आम्हीच केली असं धरून त्या दिवशीचे सगळे नमुने बाद. माझ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन होतं. नऊच्या नऊ नमुने बाद झाले. विहिरीची ती दुसरी खेप होती. पहिली स्वच्छ निघाली होती.

साहेबांना मी गाडीतल्या उष्णतेबद्दल बरंच काही सांगितलं. मानाजीरावांपुढे मात्र ते जमेना. सगळं ओकलो.

ते बराच वेळ हातातली फीत गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तेव्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "म्हणजे मत्ते, पुन्हा तीन महिने."

"हो. चुकलंच माझं."

"असू दे सार. घाई बेडा."

चिंचेखाली जाऊन त्यांनी फोन काढला, थोडा वेळ नुसता धरला, आणि खिशात परत ठेवला. मला राहवलं नाही. "आज ऑफिसला नाही सांगत?"

"ऑफिस कुठलं? घरची आहे सार. येलवालला, भावाकडे. विहिरीला सील लागलं तसं म्हणाली, टँकरच्या पाण्यावर मी संसार करणार नाही, उघडली की बोलवा. दोन वर्षं झाली. मी रोज नीर किती फुटावर आहे ते सांगतो. ती 'हं' म्हणते, ठेवते."

"आणि माझ्याकडे का बघता?"

"ती विचारते, ते साहेब आजही वेळेवर आले का."

पुढच्या खेपेला कोरी बाटली मी पोराला शाळेत नेतात तशी हाताला धरून फिरवली. प्यायला घरून दोन लिटर वेगळं आणलं. शिळं पाणी नेहमीपेक्षा जास्त उपसलं. त्या दिवशी मानाजीराव एकदाही 'बेडा' म्हणाले नाहीत, नुसते नळीच्या तोंडाकडे बघत होते.

अहवाल स्वच्छ आला. अधिकारी येऊन सील काढून गेले. मानाजीरावांनी विहिरीत फीत सोडली, मग माझ्या शेजारी उभं राहूनच फोन लावला. "आज एकोणीस फूट दोन इंच," ते म्हणाले. पलीकडून 'हं' आलं असावं. त्यांनी घसा खाकरला. "बस किती वाजता आहे?"

रुक्माबाई दुपारी आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, नवऱ्याकडे बघितलंही नाही, पोहऱ्याला दोर बांधला आणि विहिरीच्या काठावर तो तीनदा आपटला. टक, टक, टक. मगच आत सोडला.

मी मानाजीरावांकडे पाहिलं. ते चप्पल शोधत होते, पायात असलेली.

मला वाटलं आता कॉफी मिळेल. रुक्माबाईंनी भरलेला तांब्या माझ्यापुढे धरला.

"आधी हा संपवा सार, इथे, माझ्यासमोर. तुम्हाला तहान लागली की आमचा संसार तीन महिने लांबतो."